खळीचं वजन

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांची पाकिटं फोडली आणि त्याबद्दल सरकारने मला दरमहा पगार दिला. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, म्हणून सांगतो. यवतमाळातल्या एका सरकारी कार्यालयात मी टेंडर बाबू होतो. कार्यालयाचं नाव लिहीत नाही, कारण तिथे आमचा एक भाचा अजून नोकरीला आहे आणि त्याची बढती व्हायची आहे.

सरकारला काय लागत नाही? बादल्या लागतात, झाडू लागतात, कंदिलाच्या काचा लागतात, शाळांना खडू लागतात, वसतिगृहांना चादरी लागतात. तुम्ही-आम्ही पिशवी घेऊन बाजारात जातो आणि दोन दुकानं हिंडून वस्तू आणतो. सरकारला तशी सोय नाही. आधी जाहिरात द्यायची, मग लोकांनी लाखेची मोहर लावलेल्या पाकिटात दर पाठवायचे, सोबत वस्तूचा नमुना द्यायचा. ठरलेल्या दिवशी साहेबांसमोर आणि हजर असतील त्या सगळ्यांसमोर मी पाकिटं फोडायचो, दर मोठ्याने वाचायचो, नमुने मोजायचो, तोलायचो आणि तक्ता करायचो. एका आडव्या कागदावर उभे रकाने: नाव, दर, लांबी, रुंदी, वजन, शेरा. ज्याचा नमुना अटीत बसला आणि दर सगळ्यांत कमी निघाला, त्याच्या नावाखाली मी लाल शाईने रेघ मारायचो. साहेब त्या रेघेवर सही करायचे, की वर्षभराचं काम त्या माणसाचं.

तक्त्याचा मला फार अभिमान होता, हे आधीच कबूल करतो. छप्पन्न साली मध्य प्रदेशातून आम्ही मुंबई राज्यात गेलो, साठ साली महाराष्ट्रात आलो. चार वर्षांत कार्यालयाची पाटी दोनदा रंगवली गेली, पण माझ्या तक्त्याचे रकाने जसेच्या तसे राहिले. राज्यं बदलतील, रकाने बदलणार नाहीत, असं मी नव्या कारकुनांना सांगत असे. तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटायचं.

माणसं मात्र नमुनेदार यायची. एका वर्षी दोराच्या टेंडरमध्ये एकाने दराचा आकडाच लिहिला नाही. लिहिलं काय, तर 'जो कोणी सर्वांत कमी दर देईल, त्याहून आमचा दर दहा नये पैसे कमी समजावा.' मी हसलो आणि पुढचं पाकीट फोडलं, तर त्यातही शब्दन्‌शब्द तेच. आता या दोघांत कमी कोण? मी पाऊण तास डोकं धरून बसलो. प्रत्येकजण दुसऱ्यापेक्षा दहा पैसे कमी, म्हणजे थोड्या वेळात ते आम्हाला दोर फुकट देऊन वर चहाही पाजणार होते. शेवटी साहेबांनी दोघांनाही बाद केलं.

दुसरा होता ढाणकीचा झाडूवाला. त्याला अक्षर येत नव्हतं, दर कोणाकडून तरी लिहून आणला होता. मी नमुन्याची लांबी मोजायला लागलो, तसा तो म्हणाला, "मोजता काय बाबू? झाडू मोजाची वस्तू हाय का? झाडून पाहा." आणि परवानगीची वाट न पाहता त्याने माझी खोली झाडायला घेतली. कपाटाखालून त्याने दोन वर्षांपूर्वी हरवलेली एक फाइल बाहेर काढली. साऱ्या कार्यालयात ती फाइल कोणाला सापडली नव्हती. पण त्याचा दर दुसऱ्या क्रमांकाचा होता, त्यामुळे काम त्याला गेलं नाही. ज्याला गेलं त्याचे झाडू दिवाळीपर्यंत टकले झाले. 'झाडून पाहिले' असा रकाना माझ्या तक्त्यात नव्हता, आणि तो असायला हवा हे तेव्हाही माझ्या डोक्यात आलं नाही. ते कळायला चादरींचं टेंडर यावं लागलं.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. जिल्ह्यातली वसतिगृहं आणि दवाखाने मिळून वर्षभराच्या सुती चादरी एकदम घ्यायच्या होत्या. अट अशी होती की एका चादरीचं वजन किमान नऊशे ग्रॅम भरलं पाहिजे. वजन जास्त म्हणजे सूत जास्त, सूत जास्त म्हणजे चादर टिकाऊ, असा सरळ हिशेब होता. बाकीची पाकिटं लांबी-रुंदीतच बाद झाली आणि दोन उरली. एक यवतमाळच्याच एका कापड व्यापाऱ्याचं, आणि दुसरं पांढरकवड्याच्या अलीकडच्या एका गावातल्या विणकर सोसायटीचं. दर सोसायटीचा कमी होता.

सोसायटीचे चेअरमन लहानुजी स्वतः आले होते. पंचेचाळिशीचा सडपातळ माणूस, पांढरा सदरा, खिशाला पेन. आत येताना ते म्हणाले, "जयभीम बाबू." पूर्वी त्यांच्या वस्तीतली माणसं आली की दारातच थांबून जोहार करायची. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांनी बुद्धाचा धम्म घेतला आणि जोहार कायमचा बंद झाला. या नव्या नमस्काराला काय उत्तर द्यायचं, हे आमच्या कार्यालयात कोणी ठरवलं नव्हतं. मी नुसती मान हलवली. त्यांनी माझं मान हलवणं नीट पाहिलं आणि बाकावर जाऊन बसले.

व्यापाऱ्याची चादर पांढरीशुभ्र आणि कडक होती. घडी उलगडली की कागदासारखा आवाज यायचा. आमच्या गणपत चपराशाने ती तराजूत टाकली. नऊशे तीस ग्रॅम. सोसायटीची चादर मऊ, जराशी पिवळट, घडी सैल पडलेली. वजन आठशे साठ. मी तक्ता पुढे ओढला आणि सोसायटीच्या नावापुढे शेरा लिहिला: 'वजन चाळीस ग्रॅम कमी. नमुना वापरलेला दिसतो. अमान्य.' नियमाप्रमाणे तो मोठ्याने वाचूनही दाखवला.

लिहिण्याआधी एक गोष्ट घडली होती. व्यापाऱ्याची चादर हाताळून माझ्या बोटांना पांढरी भुकटी लागली होती. तक्त्यावर डाग पडू नये म्हणून मी बोटं धोतराला पुसली आणि मगच टाक उचलला. या भुकटीकडे मी पुन्हा येणार आहे.

शेरा ऐकून लहानुजी उभे राहिले. "बाबू, वजनाचं मागून पाहू. वापरलेली म्हणू नका. आमच्या सोसायटीनं जुनी चादर सरकारले देल्ली असं कागदावर राहीन. ते धुतलेली हाय."

"धुतली काहून?" मी विचारलं. "नमुना कोरा द्याचा असते."

"आमच्या इथून कोरं कापड जात नाही जी. मही बायको खळ काढल्याबिगर चादर कोणाच्या हाती देत नाही. त्यात हे वसतिगृहाच्या लेकरायसाठी."

खळ म्हणजे काय ते सांगतो, मलाही ते त्याच आठवड्यात कळलं. मागावर सूत ताणलं की ते घासून तुटतं. म्हणून विणण्याआधी त्याला ज्वारीच्या पिठाची पातळ पेज कुंच्याने लावतात. तीच खळ. प्रत्येक कोऱ्या कापडात ती थोडी असतेच आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. पण काही जण विणून झाल्यावरही कापडाला पुन्हा खळ पाजतात, तिच्यात पांढरी माती कालवतात. विरळ कापड मग भरीव दिसतं, कडक होतं, आणि मुख्य म्हणजे तराजूत जड भरतं.

लहानुजी म्हणाले, "आमची चादर धुऊन आठशे साठ हाय. कोरी असती तं साडेनऊशे भरली असती. त्याईची धुऊन पाहा ना. दोन्ही धुवा, वाळवा, मंग तोला."

मी म्हणालो, "लहानुजी, नियमात तोलणं हाय, धुणं नाही."

हे वाक्य मला इतकं आवडलं, की घरी जाऊन मी ते बायकोलाही ऐकवलं. ती भांडी घासत होती. तिने मान वर केली नाही.

लहानुजींनी व्हरांड्यात बसून स्वतःच्या पेनाने अर्ज लिहिला. अक्षर शाळकरी, पण एकही खाडाखोड नाही. तो मला टिपणीत उतरवून घ्यावा लागला, म्हणून अजून पाठ आहे: 'वजन कापडाचे करावे, खळीचे करू नये. दोन्ही नमुने धुऊन व वाळवून पुन्हा तोलावेत. धुणारा माणूस आपला, पाणी आपले, तराजू आपला. आमचा हात लागणार नाही.' टेंडर लागल्यावर अर्ज आणणारे मी पुष्कळ पाहिले होते. कोणी वशिला लावायचा, कोणी रडायचा, कोणी वर तक्रार करायची धमकी द्यायचा. नमुना ज्या रीतीने तपासता ती रीतच चूक आहे, असं सांगणारा हा पहिला.

आमचे साहेब साताऱ्याकडचे. उंच, अबोल, कागदाला पक्के. त्यांनी अर्ज वाचला आणि लहानुजींना आत बोलावलं.

"अट वजनाची आहे. तुमचं वजन भरत नाही. चादर तुम्हीच धुऊन आणलीत, आम्ही सांगितलं नव्हतं. मी काय करू?"

"चूक आमची हाय साहेब, ते कबूल," लहानुजी म्हणाले. "पण तोलून राह्यले ते कापड नाही, हे बी खरं हाय. चौदा माग हाय आमचे. हे काम भेटलं तं वर्षभर चालते. नाही भेटलं तं दोन घरं आत्ताच वणीकडं कोळशाच्या खाणीवर जाच्या तयारीत हाय. त्याईच्या मागं बाकीचे जातीन. माग एकदा उखडला का पुन्हा बसत नाही."

"आदेशावर मी परवा सही करणार आहे," साहेब म्हणाले. म्हणजे नाही. लहानुजींनी नमस्कार केला, बाहेर आले आणि बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी दहाला मी कार्यालय उघडलं, तेव्हाही ते बाकावर होते. शहरातल्याच पाटीपुऱ्यात नातेवाइकाकडे मुक्काम करून ते सकाळी येऊन बसायचे. आवाज नाही, तक्रार नाही. साहेब जाता-येता दिसले की फक्त उभे राहायचे. मला त्याचा त्रास व्हायला लागला. चिडून मी गणपतला म्हटलं, "याईले दुसरे धंदे नाही काय?" गणपत म्हणाला, "बाबू, त्याईचा धंदाच तं तुमच्या टेबलावर पडला हाय." त्या दिवशी मी गणपतशी बोललो नाही.

सहीच्या दिवशी बाकावर दोघं होती. लहानुजींची बायको भिवराबाई पहाटेच्या एस.टी.ने आली होती. हिरवं लुगडं, धम्म घेतल्यापासून कपाळ मोकळं, बोटांना खळीने पडलेल्या भेगा. साहेब जीपमधून उतरून पायऱ्या चढायला लागले, तशी ती सरळ पुढे झाली.

"साहेब, एक इचारू?"

साहेब थांबले. कार्यालयात साहेबांना कोणी असं अडवत नसे.

"तुमच्या घरी नवी चादर आली तं तुमी तशीच पांघरता, का धुऊन?"

साहेबांनी क्षणभर विचार केला. "धुऊन," ते म्हणाले.

"मंग सरकारची कायले कोरी तोलता?"

साहेब वर गेले. पाच मिनिटांनी घंटी वाजली. मी आदेशाचा कागद सहीला घेऊन गेलो, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि म्हणाले, "त्या व्यापाऱ्याला निरोप पाठवा. उद्या सकाळी दोन्ही नमुने धुवायचे." मी म्हणालो, "साहेब, नियमात..." ते म्हणाले, "नियमात चादर लिहिलं आहे ना? मग चादर तोलू." मी त्या माणसाला तोवर नुसता सहीचा धनी समजत होतो. त्या दिवशी त्यांच्याबद्दल माझं मत बदललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालयाच्या मागच्या अंगणात नळाखाली दोन टोप ठेवले. सगळ्या शाखांचे कारकून काही ना काही निमित्त काढून खिडक्यांत उभे. व्यापारीही आला होता. "साहेब, बाजारात धुऊन कोणी तोलते काय? हे तं नवीनच काढलं," तो म्हणाला. तो काही लबाडांचा राजा नव्हता. सगळे करतात ते तोही करत होता आणि आजवर कोणी हटकलं नव्हतं. "तुमची चादर खरी असेल तर तुम्हाला कसली भीती?" साहेब म्हणाले.

गणपतने बाह्या वर केल्या. आधी सोसायटीची चादर पाण्यात घातली, चोळली, पिळली. पाणी होतं तसंच राहिलं. मग दुसऱ्या टोपात व्यापाऱ्याची चादर बुडवली आणि दोनदा दाबली. पाणी पांढरं झालं. आणखी चोळली तसं दाट झालं. गणपतने ओंजळीत घेऊन पाहिलं आणि ओरडला, "साहेब, हे पाणी हाय का ताक?"

खिडक्यांतून हशा उठला. साहेबही हसले, पण तोंड फिरवून. तीनदा पाणी बदललं तेव्हा कुठे गढूळपणा गेला. टोपाच्या तळाशी पांढऱ्या मातीचा थर बसला होता. लहानुजी आणि भिवराबाई दूर, फाटकाजवळच्या निंबाखाली बसून होते. अर्जात लिहिल्याप्रमाणे त्यांनी चादरीपासून दहा पावलांचं अंतर ठेवलं होतं.

चादरी दोरीवर टाकल्या आणि साहेबांनी मला राखणीला बसवलं. वाळेपर्यंत कोणी हात लावता कामा नये. माझी खुर्ची बाहेर आणली गेली आणि डोक्याला उपरणं बांधून मी दिवसभर दोन चादरी राखत बसलो. दुपारी भिवराबाई तिथूनच बोलायला लागली.

"बाबू, धुवाचीही गरज नव्हती. कोरं कापड आंगठ्यावर चोळलं तरी समजते. बोटाले पांढरं लागलं का समजाचं, ही खळ हाय. आमच्या पोरीले बी समजते."

मी "हो का," एवढंच म्हणालो. माझा उजवा हात मी आपोआप मांडीखाली घेतला. बोटाला पांढरं लागलं होतं. धोतराला पुसलंही होतं. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला नव्हता, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण काहीतरी खटकलं होतं. तक्ता स्वच्छ राहावा म्हणून मी ते पुसून टाकलं होतं, हे खरं. आत्ताच उठून साहेबांना सांगावं असं वाटलं. मी उठलो नाही. एका चादरीची सावली सरकत माझ्या पायावर आली तरी मी तसाच बसून होतो.

चार वाजता चादरी कडकडीत वाळल्या. साहेबांनी स्वतः तराजू धरला. व्यापाऱ्याची चादर: सातशे वीस ग्रॅम. सोसायटीची: आठशे अठ्ठावन्न. व्यापाऱ्याने छत्री उचलली आणि कोणाकडे न पाहता निघून गेला.

मी धोरणी कारकून. मी साहेबांच्या कानाशी लागलो. "साहेब, पण आता दोन्ही नऊशेच्या खालीच आहेत. दोन्ही अमान्य होतात." बोललो आणि माझं मलाच वाईट वाटलं, पण रकाना तसं सांगत होता. साहेबांनी मान डोलावली, बराच वेळ अंगणात येरझारा घातल्या आणि मग लहानुजींना जवळ बोलावलं.

"तुमचं कापड चांगलं आहे, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. या एका वेळेपुरती अट शिथिल करतो, तसं माझ्या अधिकारात लिहितो. काम तुम्हाला देतो."

माझ्या मनावरचं ओझं उतरलं. आता सगळं ठीक होणार, चौदा माग चालणार, आणि धोतराला पुसलेल्या बोटांचं कोणाला सांगायची गरज राहणार नाही. लहानुजींचा चेहराही उजळला होता. ते म्हणाले, "साहेब, दोन मिन्टं," आणि निंबाखाली गेले. नवरा-बायको हळू आवाजात बोलत होती. ती दोनदा मानेनेच नाही म्हणाली. परत आले तेव्हा लहानुजींचा चेहरा उतरला होता, पण आवाज घट्ट होता.

"साहेब, तुमचे लय उपकार. पण अट सैल करून नको."

"म्हणजे?"

"आज तुमी हाय म्हणून सैल झाली. उद्या तुमची बदली झाली तं नवे साहेब पुन्हा खळच तोलतीन. टेंडर पुन्हा काढा. पण कागदावर लिहा, धुतल्यावरचं वजन. मंग आमी बसतो का दुसरा बसतो, ते पाहू."

मी मध्येच बोललो, माझ्याच्याने राहवलं नाही. "लहानुजी, पुन्हा काढाले दोन-अडीच महिने लागते. तुमची ते दोन घरं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "जातीन बाबू," ते म्हणाले. "म्या त्याईले विचारूनच आलतो. ते म्हणे, कोणाच्या मेहेरबानीचं काम नको, हक्काचं आणा."

माझ्या नोकरीत मी मोठमोठे अधिकारी पाहिले, मंत्री पाहिले. हातात आलेलं काम रीत सुधारावी म्हणून परत करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते निघाले तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि "जयभीम लहानुजी" म्हणालो. ते थबकले, हसले आणि "जयभीम" म्हणाले. इतक्या साध्या गोष्टीला मला चार दिवस लागले.

साहेबांनी त्याच संध्याकाळी टेंडर पुन्हा काढण्याचा आदेश लिहिला. विणकाम शिकवणाऱ्या एका शाळेकडून धुतल्यावरचं योग्य वजन किती असावं ते लेखी मागवलं आणि नव्या अटीत घातलं: 'नमुना धुऊन, वाळवून तोलला जाईल.' माझ्या तक्त्यात एक नवा रकाना वाढला. रेघा मीच आखल्या. माझा 'वापरलेला दिसतो' हा शेरा साहेबांनी स्वतःच्या हाताने खोडला आणि बाजूला 'धुतलेला होता' असं लिहून सही केली.

अडीच महिन्यांनी पुन्हा पाकिटं फुटली. या वेळी पाकिटं जास्त होती. अट ऐकून आणखी दोन विणकर सोसायट्या पुढे आल्या होत्या. व्यापाऱ्यानेही पाकीट टाकलं होतं आणि सांगायला हरकत नाही, त्याची चादर या वेळी चांगली होती, फक्त दर चढला होता. गणपतने दिवसभर चादरी धुतल्या आणि साऱ्या कार्यालयाला शिव्या घातल्या. लहानुजींची चादर अटीत बसली, दर सगळ्यांत कमी. त्यांच्या नावाखाली मी लाल रेघ मारली. ती रेघ जराशी वाकडी आहे.

पहिला माल तयार झाल्यावर तो तपासायला मला त्यांच्या गावी पाठवलं. सडकेवर एस.टी. सोडून पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, वावरातून चालत गेलो. वस्तीत शिरण्याआधीच मागांची खटखट ऐकू आली. लांब छपरात खड्डामाग होते. जमिनीत खड्डा, विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो आणि पायानेच माग चालवतो. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. पोरी सुताच्या कांड्या भरत होत्या, अंगणात ओल्या चादरींच्या रांगा वाळत होत्या. सरकारने फक्त नमुना धुवायला सांगितला होता. यांनी सगळाच माल धुतला होता.

भिवराबाईने चहा पुढे केला आणि मी घेतो की नाही ते पाहत उभी राहिली. मी घेतला. मग माग मोजत मी छपराच्या टोकाला गेलो. बारा भरले. शेवटचे दोन खड्डे फळ्यांनी झाकलेले होते. फळ्यांवर सुताची पोती रचली होती.

"हे दोन?" मी विचारलं, जरी मला उत्तर माहीत होतं.

"वणीले गेले," भिवराबाई म्हणाली. "खाणीत. पाकिटं फुटाच्या पंधरा दिस आधी गेले. पंधरा दिस अजून कळ काढली असती तं..."

त्या झाकलेल्या खड्ड्यांपाशी माझ्याच्याने राहवलं नाही. मी सगळं सांगितलं. पहिल्याच दिवशी माझ्या बोटांना भुकटी लागली होती, ती मी पुसली, तक्ता खराब होईल म्हणून. तेव्हाच दोन शब्द लिहिले असते तर साहेबांनी तेव्हाच विचारलं असतं, टेंडर तीन-चार दिवस तरी आधी निघालं असतं. भिवराबाई ऐकत राहिली. तिला राग आला असेल तर तो तिने दाखवला नाही, आणि मला माफ केलं असंही म्हणाली नाही. एक वाळलेली चादर दोरीवरून काढून माझ्या हातात दिली.

"चोळून पाहा," ती म्हणाली.

मी अंगठ्याने चोळली. बोटं कोरडी, स्वच्छ राहिली.

"आता पुढच्या टायमाले," ती म्हणाली, "बोट पुसाच्या आधी लिहून ठेवत जा, बाबू."

खाणीवर गेलेली दोन घरं परत आली नाहीत. सोसायटी मात्र पुढची कित्येक वर्षं चादरी देत राहिली. कधी काम मिळालं, कधी दुसऱ्या विणकरांना गेलं, पण धुतल्यावाचून चादर पुन्हा तोलली गेली नाही. साहेबांची बदली झाली, त्यांच्यानंतर सहा साहेब आले. ही अट कोणी आणि का घातली, हे शेवटच्या तिघांना माहीतही नव्हतं.

मी मात्र त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत, वस्तू कोणतीही असो, आधी हाताने पाहून मगच टाक उचलला. झाडू आला तर झाडून पाहिला, दोर आला तर ओढून पाहिला, आणि तसं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. कापडाच्या प्रत्येक नमुन्यापुढे माझ्या अक्षरात एक शब्द आहे: 'चोळला.' जुन्या फायली कोणी उघडल्या तर दिसेल. चादरींच्या त्या पहिल्या तक्त्यावर तो नाही. साहेबांची ती एक खाडाखोड सोडली, तर तो तक्ता अगदी स्वच्छ आहे, एकही डाग नाही.